परतीच्या बोलीवर दिलेलं महाळुंग

मित्रांनो, मी एक महाळुंगी आहे. म्हणजे महाळुंगाचं झाड. जुनी म्हणावं इतकं माझं वय नाही, पण काळजी करकरून मी जुनी झाले आहे. आत्ता तुमच्याशी बोलतानासुद्धा माझं निम्मं लक्ष वरच्या फांदीवर आहे, कारण सकाळपासून वारा सुटलाय आणि माझे काटे माझ्याच पानांना टोचतायत. तेव्हा मधेच बोलायची थांबले तर समजून घ्या.

महाळुंग तुमच्यापैकी किती जणांनी पाहिलं असेल, कोण जाणे. ते लिंबाच्या कुळातलं फळ. लिंबापेक्षा कितीतरी मोठं, जाड आणि खडबडीत सालीचं. कापलं तर आत रस थोडाच असतो. त्याचा खरा जीव सालीत, तिच्या वासात. नाशिकच्या बाजारात हल्ली जगातलं सगळं मिळतं, पण महाळुंग मागितलंत तर दुकानदार तुमच्या हातात पपनस ठेवेल.

मी राहते नाशिकरोडला, जेल रोडच्या एका इमारतीच्या गच्चीवर, मधोमध कापलेल्या निळ्या प्लास्टिकच्या ड्रममध्ये. इथून एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या उंच चिमण्या दिसतात. माझा जन्म मात्र इथला नाही. माझी आई हरसूलकडच्या डोंगरउतारावर, नवसाबाईंच्या घरामागे उभी आहे. नवसाबाई हरसूलच्या आठवडे बाजारात रानभाज्या विकायला बसतात. एका वर्षी त्यांच्या पाटीत भाजीच्या कडेला चार महाळुंगं होती आणि त्यांच्यासमोर एक उंच, वाकलेले गृहस्थ बसकण मारून बसले होते.

ते हासकेल काका घोसाळकर. काका बेने इस्रायल, म्हणजे कोकणात पिढ्यान्‌पिढ्या राहून पार मराठी झालेले यहुदी. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात नोकरी करून निवृत्त झालेले. पावसाळा सरला, पीक घरात यायला लागलं, की पौर्णिमेच्या चांदण्यात त्यांचा सुक्कोथ येतो. मांडवाचा सण. उघड्यावर मांडव घालायचा, वर पानांचं छप्पर असं विरळ टाकायचं की आतून चांदण्या दिसाव्यात, आणि त्यात बसून जेवायचं. सकाळी चार वनस्पती हातात धरून देवाचे आभार मानायचे. खजुरीचं न उघडलेलं कोवळं पान, विलायती मेंदीच्या डहाळ्या आणि नदीकाठच्या वाळुंजाच्या डहाळ्या, या तिघांची मिळून एक जुडी. आणि दुसऱ्या हातात महाळुंग.

हे महाळुंग कसलंही चालत नाही बरं का. ते अखंड हवं, त्याच्या सालीवर ओरखडा नको. त्याच्या टोकावर एक बारीक बोंडी असते, ती मोडलेली नको. आणि मुख्य म्हणजे झाड कलमाचं नको. काकांनी नवसाबाईंना हेच पुन्हा पुन्हा विचारलं. नवसाबाई हसल्या.

"कलम कोन करील इथं? बी पडली, झाड आलं. आमी निस्तं बघत व्हतो."

काकांना एवढंच हवं होतं. त्यांनी चारही फळं घेतली आणि त्यातल्या एकाच्या बिया पुतण्याच्या घरी आणून दिल्या. पुतण्या अवनेर. त्याचं नुकतंच लग्न झालं होतं. बिया हातात पडल्या त्याच्या बायकोच्या, ओर्नाच्या. माझी खरी गोष्ट इथून सुरू होते, कारण मला वाढवलं ते ओर्नानं.

ओर्ना कॉलेजात रसायनशास्त्र शिकलेली. तिला सगळं तपासून बघायची सवय. तिनं आम्हा भावंडांना श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात पेरलं आणि दुसऱ्याच दिवसापासून माती उकरून बघू लागली, रुजलं का, रुजलं का. त्या उकराउकरीत बाकीच्या बिया कुजून गेल्या. मी तेवढी राहिले. तिच्या काळजीमुळे राहिले की काळजी असूनही राहिले, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पण कुणीतरी आपल्यावर डोळे लावून बसलंय, हे मला मातीच्या आतसुद्धा कळत होतं. तेव्हापासून निवांतपणा म्हणून काही मला ठाऊक नाही.

मी हातभर झाले, तेव्हा मला ड्रम मिळाला. मग लिओरा जन्मली आणि ओर्नाचे डोळे तिकडे वळले. ते योग्यच होतं. तरी खोटं कशाला सांगू, मला फार एकटं वाटलं. ओर्ना गच्चीवर यायची ती वाळत घातलेली दुपटी घाईघाईनं काढायला. माझ्या पानांवर लिंबावरच्या अळ्या चढल्या, पक्ष्यांनी घाण टाकावी तशा दिसणाऱ्या, आणि त्यांनी मला वरून खाली कुरतडत आणलं. त्या दिवसांत वरच्या मजल्यावरच्या मेहरुन्निसा आपा तांदूळ धुतलेलं पाणी माझ्या बुडाशी ओतायच्या. त्या पाण्यावर मी जगले. एकदा त्यांनी ओर्नाला जिन्यात गाठून सुनावलं, की पोरीला ताप आला तर चार डॉक्टर करतेस, वरच्या पोरीकडे कोण बघणार.

ओर्ना धावत वर आली. मला बघून तिचा चेहरा पडला. दुसऱ्या दिवशी ती नर्सरीवाल्या केरूला घेऊन आली. केरू मोठा हुशार माणूस. निम्म्या नाशिकच्या द्राक्षांना त्यानं कलमं बांधली असतील. त्यानं अळ्या वेचल्या, औषध सांगितलं आणि मग खिशातून चाकू काढला. म्हणाला, ताई, हिला असंच ठेवलं तर फळाला वर्षं लागतील. जंबेरी लिंबाच्या खुंटावर हिचा डोळा बांधून देतो, बघता बघता फळ धरेल.

मित्रांनो, चाकूचं पातं माझ्या सालीला लागलं होतं. केरूच्या मनात माझं भलंच होतं, म्हणून तर जास्त भीती वाटली. ओर्नानं त्याचं मनगट धरलं. तिनं त्याला समजावलं, की कलम केलं तर फळ कितीही सुंदर येवो, आमच्या कामाचं राहणार नाही. केरूनं चाकू मिटला आणि मान डोलावली.

"मग तुमच्या देवाला वाट बघायची सवय असंल, ताई."

देवाला असेलही. ओर्नाला नव्हती आणि मलाही नव्हती. तरी आम्ही वाट बघितली. लिओरा चालायला लागली, बोलायला लागली, माझ्या ड्रमवर खडूनं रेघोट्या ओढायला लागली. आणि एका उन्हाळ्यात मला कळ्या आल्या.

इथून माझी झोप उडाली. कळ्या पुष्कळ आल्या. त्यातल्या कित्येक वाऱ्यानं झडल्या. तीन फळं धरली. एक वळवाच्या वादळात गेलं. दुसरं धरलं ते शेंड्याकडे, उशिरा, आणि हिरवंच राहिलं. मधल्या फांदीवरचं मात्र आकारानं देखणं होऊ लागलं. आणि मला काटे आहेत, हे तुम्हाला सांगितलंच. आईच्या अंगाला काटे असले आणि तिचं लेकरू तिच्या अंगावरच झोके घेत असलं, तर तिनं काय करावं? वारा आला की मी आखडून जायचे. ओर्ना कात्री घेऊन यायची आणि जवळचे काटे कापायची. तेवढ्यानंही तिचं समाधान झालं नाही. तिनं लिओराचा तान्हेपणातला एक मऊ मोजा आणून फळावर चढवला. गच्चीवर येणारे लोक हसायचे. मेहरुन्निसा आपा म्हणाल्या, "झाड बी तुझ्यासारखंच आहे गं. हवा आली की दोघी घाबरता."

घाबरायला कारण होतं. हासकेल काकांचं ठरलं होतं. दिवाळीनंतर ते इस्रायलमधल्या अश्दोदला लेकीकडे जाणार होते, कायमचे. इतकी वर्षं सणाला त्यांचं महाळुंग मुंबईहून पार्सलनं यायचं. कधी सण उलटून गेल्यावर पोचायचं, कधी बोंडी मोडलेली निघायची. मग पहिल्या दिवशी ते नुसतीच जुडी हातात धरून बसायचे. अवनेर त्यांना एकदा म्हणाला, काका, अश्दोदला तर बाजारात या फळांचे ढीग लागतात, तिथे हवं तसं मिळेल. काका माझ्याकडे बघत होते.

"ढिगातलं नको रे," ते म्हणाले. "इथून जाण्याआधी एकदा इथल्या मातीतलं हातात घ्यायचंय. नीट, अखंड, माझं म्हणून."

हे ऐकल्यापासून ओर्ना दिवसातून कितीदा तरी मोजा उचलून बघू लागली.

सणाच्या आधी काकांनी स्वतः कात्रीनं फळ उतरवलं. देठ तुटल्याचं दुखलं का, असं तुम्ही विचाराल. दुखलं. पण जास्त जाणवलं ते हलकेपण. इतके दिवस फांदी त्याच्या वजनानं वाकलेली होती, ती एकदम वर उडाली आणि मला वाटलं, आता मी कशाला धरून राहू? ओर्नानं फळ कापसात गुंडाळून डब्यात ठेवलं आणि डबा काकांच्या हातात दिला. म्हणाली, "काका, हे आता तुमचं."

मग बाकीच्यांची निवड सुरू झाली. गच्चीवर चादर पसरून काका आणि ओर्ना एकेक पान न्याहाळत बसले. खजुरीच्या पानाचं टोक चिरलेलं नको. मेंदीची तीन-तीन पानं एका पेरावर हवीत. केरूनं आणलेल्या निम्म्या डहाळ्या ओर्नानं बाजूला काढल्या आणि केरू पुटपुटत पुन्हा नर्सरीत गेला. वाळुंज अवनेरनं दारणेच्या काठावरून आणलं. वाळुंजासारखी नाजूक चीज नाही. पाण्याबाहेर काढलं की ते मान टाकतं. ओर्नानं त्याला ओल्या फडक्यात गुंडाळलं आणि दर थोड्या वेळानं फडकं भिजवत राहिली. मी बघत होते. लिओराही बघत होती. सगळ्यांना हात लावायला मिळतोय आणि आपल्यालाच नाही, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. ती आजोबांना विचारत राहिली, मला कधी. काका तिला आजोबाच लागायचे. ते म्हणायचे, सगळ्यांच्या शेवटी.

त्याला कारण आहे, ते नीट ऐका, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. सणाच्या पहिल्या दिवशी या चार वनस्पती स्वतःच्या मालकीच्या लागतात. उसन्या चालत नाहीत. आणि नाशिकसारख्या गावात, जिथे बेने इस्रायलांची घरं बोटांवर मोजण्याइतकी, तिथे महाळुंग तर एकच. मग काय करतात? मालक दुसऱ्याला ते खरोखर देऊन टाकतो, पण परतीच्या बोलीवर. घेणारा ते आपलं म्हणून हातात धरतो, प्रार्थना म्हणतो आणि पुन्हा मालकाला देऊन टाकतो. असं ते एका हातातून दुसऱ्या हातात फिरतं आणि ज्याच्या हातात असेल त्याचंच असतं. फक्त लहान मुलांचं तसं नाही. लहान मूल दिलेलं घेऊ शकतं, पण धर्माच्या कायद्यानं परत देऊ शकत नाही. त्याला ‘तुझं’ म्हणून दिलं, की ते त्याचंच राहिलं. म्हणून मुलांची पाळी सगळ्यात शेवटी.

पहिल्या दिवशी सकाळी मांडवात सगळे जमले. देवळालीहून दोन घरांतली माणसं आदल्या दिवशीच मुक्कामाला आली होती. त्यांच्यात फ्लोरा मावशी वयानं मोठ्या आणि आवाजानंही. मांडव माझ्या ड्रमला लागूनच घातला होता, त्यामुळे मला सगळं दिसत होतं. काका खुर्चीवर बसले. आधी त्यांनी घ्यावं असं सगळे म्हणाले, पण ते ऐकेनात. घरच्या मोठ्यानं सगळ्यांना वाढून मग ताटावर बसावं, तसं त्यांचं. त्यांनी अवनेरला दिलं, "हे तुला दिलं, परत देशील ना?" अवनेर म्हणाला, "देईन." त्यानं जुडी आणि महाळुंग एकत्र धरलं, प्रार्थना म्हटली, चारी दिशांना, वर आणि खाली हलवलं. खजुरीचं पान पाऊस पडल्यासारखं सळसळलं. मग परत काकांकडे. मग देवळालीची माणसं, एकेक करून. प्रत्येक हात पुढे आला की माझा जीव त्या टोकावरच्या बोंडीत. आणि समोर ओर्ना, तिचाही तिथेच.

मग ओर्नाची पाळी आली. काकांनी तिला दिलं. तिनं ते हातात घेतलं, प्रार्थना म्हटली, हलवलं. पण मित्रांनो, मी तिच्या समोर होते, मला दिसलं. तिचे ओठ प्रार्थना म्हणत होते आणि डोळे लिओराला शोधत होते. लिओरा मांडवात नव्हती.

ती माझ्या ड्रमवर होती. एक पाय ड्रमच्या काठावर, दुसरा गच्चीच्या कठड्यावर. तिला माझं शेंड्याकडचं हिरवं फळ हवं होतं. शेवटपर्यंत वाट बघायची नाही, असं तिनं ठरवलेलं दिसत होतं. कठड्याच्या पलीकडे चार मजले खाली रस्ता होता.

मी काय करणार? मला पाय नाहीत. माझी फांदी तिच्या हाताखाली वाकली आणि तिच्या फ्रॉकची कड माझ्या एका काट्यात अडकली. आयुष्यभर ज्या काट्यांची लाज वाटली, त्यातल्या त्या एका काट्याला मी मनात म्हटलं, सोडू नकोस.

ओर्नाला ती दिसली. ती ओरडली नाही. ओरडली असती तर पोर दचकली असती, हे तिला त्या क्षणीही सुचलं. ती हळूहळू पुढे आली, हातातलं महाळुंग तिच्यासमोर धरलं आणि अगदी शांत आवाजात म्हणाली, "लिऊ, हे बघ. हे घे. हे तुझं. तुलाच दिलं. खाली ये."

लिओरानं पिवळ्या फळाकडे पाहिलं. मग ती वळली आणि खाली उतरली. फ्रॉक फाटला. ओर्नानं तिला उचलून मांडवात आणलं आणि मांडीवर घेऊन ती खाली बसली. महाळुंग लिओराच्या दोन्ही हातांत होतं.

मग फ्लोरा मावशींच्या लक्षात आलं.

"अगं, पण काकांचं राहिलंय."

तेव्हा सगळ्यांना कळलं. ओर्नाला सगळ्यांच्या आधी कळलं असावं, कारण तिनं मान वर केलीच नाही. अवनेर म्हणाला की त्यात काय, आण इकडे ते. त्यानं लिओराच्या हाताकडे हात नेला. लिओरानं फळ छातीशी घट्ट धरलं. काकांनी त्याला थांबवलं.

"हिसकावलेलं नको. हिसकावलेल्यावर प्रार्थना होत नाही." आणि मग ओर्नाकडे न बघता ते म्हणाले, "तिचं झालं, तिचं राहू दे. पोरगी खाली उतरली, आणखी काय हवं."

फ्लोरा मावशी झाडाकडे, म्हणजे माझ्याकडे बघत म्हणाल्या, वरचं हिरवं आहे की. पण सणाच्या दिवशी झाडावरून काही तोडायचं नसतं, हे त्यांनाच बोलता बोलता आठवलं. माझी फांदी तिथे होती, फळ तिथे होतं आणि मला ते देता येत नव्हतं. काका खुर्चीत मागे टेकले. आपल्या रिकाम्या तळव्यांवरून त्यांनी एकदा अंगठा फिरवला. दिवाळीनंतर हे हात इथे नसणार, एवढंच माझ्या मनात येत राहिलं.

ओर्ना जमिनीकडे बघत होती. मी तिला लहानपणापासून ओळखते, म्हणजे माझ्या. ती विचार करताना नख खाते. त्या दिवशी तिनं नख खाल्लं नाही. तिनं मान वर केली.

"काका, तुम्ही मला ते परतीच्या बोलीवर दिलं होतं. मी तुम्हाला परत दिलंच नाही. बोली मोडली की देणंही मोडतं. मग ते माझं झालंच कुठे? आणि जे माझं नव्हतं, ते मी लिऊला कसं देणार?"

फ्लोरा मावशींनी मनातल्या मनात हिशोब जुळवला. "म्हणजे मघाशी तू जे घेतलंस, प्रार्थना म्हटलीस, ते..."

"तेही धरलं जाणार नाही," ओर्ना म्हणाली. "ते सगळं गेलं. महाळुंग काकांचंच आहे."

काका तिच्याकडे बघत राहिले. त्यांना हे सुचलं नसेल, असं मला वाटत नाही. पण ते बोलून दाखवायचं, तर सुनेची प्रार्थना तिच्या हातातून काढून घ्यावी लागली असती. म्हणून ते गप्प राहिले असावेत. जे त्यांनी तिच्याकडून घेतलं नाही, ते तिनं आपणहून खाली ठेवलं.

पण अजून लिओरा होती. कायदा काहीही म्हणो, तिच्या आईनं तिला ‘तुझं’ म्हटलं होतं. ओर्ना तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली.

"लिऊ, हे मी तुला दिलं, पण ते माझं नव्हतं. आजोबांचं आहे. मला द्यायचा हक्क नव्हता."

लिओरानं विचार केला. "मग तू खोटं बोललीस?"

मांडवात सगळे ऐकत होते. देवळालीचे, घरचे, आणि जिन्यातून डोकावणाऱ्या मेहरुन्निसा आपाही. ओर्नाला म्हणता आलं असतं, की तुझ्यासाठीच बोलले. ती तसं म्हणाली नाही.

"हो. मी घाबरले होते."

लिओरा फळाकडे बघत राहिली. तिला ते आवडलं होतं. त्याचा वास तिनं दोनदा घेतला. मग तिनं आजोबांना विचारलं, "शेवटी खरंच देणार?"

"शेवटी देईन," काका म्हणाले, "आणि परतीच्या बोलीवर नाही. पुरतं."

लिओरा उठली आणि कुणीही हात पुढे न करता तिनं ते काकांच्या तळव्यावर ठेवलं.

काका उभे राहिले. दुसऱ्या हातात त्यांनी जुडी घेतली. त्यांनी डोळे मिटून प्रार्थना म्हटली आणि पूर्वेकडे पहिला हात नेला. पानं सळसळली. त्यात खजुरी होती, केरूची मेंदी होती, दारणेचं वाळुंज होतं आणि माझ्या फांदीवरून गेलेलं माझं फळ होतं. मी वाऱ्याची वाट न बघता हलले, असं मला वाटलं. कदाचित वाराच असेल.

मग त्यांनी ते ओर्नाला दिलं. बोली तीच. या वेळी तिचे डोळे मिटलेले होते. लिओरा तिच्या पायाशी होती, ओढणीचं टोक धरून, आणि ओर्नानं एकदाही खाली पाहिलं नाही. प्रार्थना झाल्यावर तिनं महाळुंग काकांना परत दिलं, नीट, दोन्ही हातांनी. आणि काकांनी ते लिओराला दिलं.

तिनं पहिलं काम काय केलं असेल? सालीत नख खुपसलं. माझ्या अंगावर शहारा आला. इतके महिने ज्या सालीवर ओरखडा येऊ नये म्हणून कात्री चालवली, मोजा चढवला, जागरणं केली, त्या सालीवर नखाची अर्धी चंद्रकोर उमटली. ओर्नाचा हात तिकडे जायला उठला आणि हवेतच थांबला. तेवढ्यात वास सुटला. सगळा मांडव भरून गेला. फ्लोरा मावशींनी बोलता बोलता श्वास घेतला आणि पुढे काय म्हणायचं होतं ते विसरल्या.

"लागलं का त्याला?" लिओरानं विचारलं.

ओर्नानं तिच्याशेजारी बसून नाक त्या चंद्रकोरीला लावलं.

पहिला दिवस गेला की नियम सैल होतो. मग उसनं घेतलेलंही चालतं. त्यामुळे सणाच्या उरलेल्या सकाळी आमच्या गच्चीवर एक मजा असायची. सगळी मोठी माणसं चार वर्षांच्या पोरीसमोर रांगेत उभी राहायची आणि आजचा दिवस देतेस का, असं विचारायची. सगळ्यात पुढे हासकेल काका. ती प्रत्येकाला देताना अगदी ओर्नाच्या आवाजात बजावायची, हळू धरा, बोंडी मोडेल.

तर मित्रांनो, अशी माझी गोष्ट. काका आता अश्दोदला आहेत. माझ्या फळांना अजून मोजे चढतात. जपणं सोडा, असं मी कुणाला सांगणार नाही. मलाच ते जमत नाही. पण इतकं सांगावंसं वाटतं, की जे जपलं ते कुणाच्या हातात द्यायची वेळ आली, तर पुरतं द्या. आणि भीतीपोटी भलतंच देऊन बसलात, तर लेकरासमोर गुडघ्यांवर बसून तसं सांगा. नदीकाठची वाळुंजं तोडू नका, ती पाण्याशिवाय तग धरत नाहीत. बी टाकली असेल तर रोज उकरून बघू नका. आणि कुणाच्या गच्चीवर फळाचं झाड दिसलं, फळ हवंसं वाटलं, तर आधी एखाद्या मोठ्या माणसाला हाक मारा. ड्रमवर चढू नका. मी झाड आहे. मला वेळेवर हात पुढे करता येत नाही.